जावळी, जाबालि आणि जबल

परप्रांतीं नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला एक खोड हळूहळू जडते. तो भोंवतालच्या गांवांच्या नांवांत आपलें कांहीं शोधूं लागतो. रेल्वेच्या फलाटावरील पाटी वाचली कीं मनांतल्या मनांत तो ती मराठीशीं ताडून पाहतो, आणि थोडेंसें जरी जुळलें तरी त्याला घरचें पत्र आल्यासारखा आनंद होतो. मला ही खोड जडली, आणि तिच्यापायीं माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक ज्या मंडळींपुढें केली त्यांतील बरेचजण या मासिकाचे वाचक असल्यामुळें ती येथेंच दुरुस्त करणें उचित होईल.

सहा वर्षांपूर्वीं माझी बदली नागपुराहून जबलपुरास झाली आणि ओमतीच्या नाल्यापासून फार लांब नाहीं अशा एका घरांत मी बिऱ्हाड मांडलें. त्याच वर्षीं गणेशोत्सवांत मंडळाच्या चिटणिसांनीं मला बोलावयास उभें केलें. इतिहास हा माझा पदवीचा विषय. कचेरींत त्याचा उपयोग नसल्यामुळें बोलण्याची हौस सांचून राहिलेली. मीं ठोकून दिलें कीं, जबलपुराचें जुनें नांव 'जाउली', आणि जाउली म्हणजे आपली जावळीच. चंद्रराव मोऱ्यांची जावळी; शिवाजी महाराजांनीं १६५६ सालीं घेतली ती जावळी. लहान मुलाच्या जावळासारखें दाट रान म्हणून ती जावळी, आणि तसेंच दाट रान नर्मदाकाठीं पाहून मराठ्यांनीं येथें तेंच नांव दिलें! टाळ्या भरपूर पडल्या. ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतों त्या वयोवृद्ध गृहस्थांचे तर डोळे भरून आले.

गेल्या वर्षीं नानांचा नातू माझ्याकडे वही घेऊन आला. शाळेंत 'आपल्या शहराचें नांव' या विषयावर दहा ओळी लिहावयाच्या होत्या. आजोबांनीं सांगितलेली जावळीची हकीकत त्यानें सुवाच्य अक्षरांत लिहिली होती. तिच्यावर लाल शाईनें काट मारून शिक्षकांनीं 'जाबालि ऋषि' एवढे दोन शब्द लिहिले होते. वर्गांतील दुसऱ्या एका मुलानें 'जबल म्हणजे अरबींत पहाड' असें लिहिलें होतें व त्याच्याही वहीवर तीच काट होती. "काका, खरें काय?" असें त्यानें मला विचारलें. मीं त्याला दुसऱ्या दिवशीं यावयास सांगितलें. तें सांगावयाचें उत्तर पुढें देत आहें. फक्त एका दिवसाच्या ऐवजीं मला आठ महिने लागले.

प्रथम अरबी पहाडाचें पाहूं, कारण तो दिसतो चांगला भक्कम. अरबींत 'जबल' म्हणजे डोंगर हें निर्विवाद. युरोपच्या अगदीं दक्षिण टोकाला जिब्राल्टरचा खडक आहे. त्याचें नांव 'जबल तारिक', म्हणजे तारिकचा डोंगर, याचाच अपभ्रंश. ७११ सालीं तारिक बिन झियाद समुद्र ओलांडून स्पेनमध्यें उतरला. त्यापूर्वीं ग्रीक व रोमन लोक त्याच खडकाला कॅल्पे म्हणत. तेथें माणूस माहीत आहे, साल माहीत आहे, जुनें नांव काय होतें आणि नवें कां पडलें हेंही माहीत आहे. व्युत्पत्ति म्हणावी तर अशी.

आतां जबलपुराकडे या. येथें खडक तर वाटेल तितके आहेत. मदनमहालाच्या बाजूस गेलें कीं हत्तीएवढ्या काळ्या शिळा एकीवर एक रचून ठेवल्यासारख्या दिसतात. त्यांतली एक तर इतक्या अल्प आधारावर टेकली आहे कीं पाहणाराच दोन पावलें मागें सरतो. १९९७ च्या भूकंपांत शहरांतील घरें पडलीं, पण ती शिळा हलली नाहीं. तेव्हां अरबी 'जबल' आणि संस्कृत 'पुर' यांचा समास कोणाला सुचला तर त्याला हंसण्याचें कारण नाहीं. बुऱ्हाणपूर हें नांव बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचें, ज्याची कबर आपल्या खुलताबादेस आहे. अरबी पूर्वपद आणि संस्कृत उत्तरपद असा सांधा तेथें बसलाच आहे. परंतु दोन अडचणी आहेत. एक अशी कीं, हिंदुस्थानांत मुसलमानी राजवटींत कारभाराची भाषा फारसी होती, आणि फारसींत डोंगराला नित्याचा शब्द 'कोह' हा आहे. आपल्या तोंडचा कोहिनूर म्हणजे तेजाचा पहाड. दुसरी अडचण अधिक बळकट. या मुलखावर गढ्याच्या गोंड राजांचें राज्य होतें. अकबराचा सरदार आसफखान येथें आला तो १५६४ सालीं, आणि त्याच्याशीं लढतां लढतां राणी दुर्गावती येथून जवळच धारातीर्थीं पडली. पण जबलपुराच्या नांवाचें जें मूळ म्हणून विद्वान दाखवितात तें याच्या चारशें वर्षें आधीं कोरून ठेवलेलें आहे.

तें कोठें, हें सांगण्यापूर्वीं शिक्षकांच्या लाल शाईकडे वळलें पाहिजे. जाबालि नांवाचा ऋषि रामायणांत आहे. अयोध्याकांडांत तो रामाला परत फिरण्याविषयीं उपदेश करतो, आणि तोही असा नास्तिकपणाचा कीं राम त्याच्यावर संतापतो. नर्मदेच्या तीरावर त्याचा आश्रम होता अशी येथील समजूत आहे. ती भाविकांनीं जपली आहे, तिला धक्का लावण्याची माझी इच्छा नाहीं. मात्र एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. आपल्या देशांत ज्या गांवाच्या नांवाचा अर्थ लोक विसरतात त्या गांवाला एक ऋषि मिळतो. नांव जुनें असतें, ऋषि मागाहून येतो. हें केवळ येथेंच घडतें असें नाहीं. आपापल्या गांवचें स्थलमाहात्म्य आठवून पाहावें.

जाबालीचा विषय निघाला म्हणजे मला दुसराच एक जाबाल आठवतो. छांदोग्य उपनिषदांतील सत्यकाम. गुरूकडे जावयाचें म्हणून तो आईला आपलें गोत्र विचारतो. आई जबाला सांगते कीं, तरुणपणीं घरोघर सेवाचाकरी करीत असतां तूं मला झालास. तुझें गोत्र मला ठाऊक नाहीं. माझें नांव जबाला, तुझें सत्यकाम. तेव्हां तूं सत्यकाम जाबाल असेंच सांग. आणि तो मुलगा हारिद्रुमत गौतमापुढें जाऊन अक्षरशः तेंच सांगतो. त्याला एखाद्या मोठ्या ऋषीचें गोत्र सांगतां आलें असतें. कोण तपासणार होतें? गौतमानें त्याला जवळ केलें तें गोत्रासाठीं नव्हे. कोणीही उपनिषद उघडून हें प्रकरण वाचावें. मीं तें या आठ महिन्यांत पुष्कळदां वाचलें, आणि गणेशोत्सवांतल्या टाळ्या आठवून दरवेळीं थोडा ओशाळलों.

आतां कोरीव लेखांकडे. जबलपुरापासून भेडाघाटच्या रस्त्यावर बारा-तेरा किलोमीटरांवर तेवर नांवाचें खेडें आहे. हीच कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. येथें सांपडलेल्या ख्रिस्तपूर्व काळांतल्या नाण्यांवर ब्राह्मी लिपींत 'तिपुरि' अशीं अक्षरें आहेत. कलचुरींच्या बाराव्या शतकांतील लेखांत 'जाउली-पत्तला' असें एक नांव येतें. पत्तला म्हणजे कारभाराचा एक विभाग. आपल्याकडच्या परगण्यासारखा म्हटला तरी चालेल. त्रिपुरीच्या इतक्या निकट असलेली ही जाउली म्हणजेच आजचें जबलपूर असावें असा कयास आहे, आणि उच्चाराच्या अंगानें पाहतां तो पटण्यासारखा आहे. या बाजूच्या बोलींत 'व'चा 'ब' होतो. वनाचें बन, वर्षेची बरखा, वीराचा बीर. जाउली-जावली-जाबली हा प्रवास कोणत्याही भाजीवाल्याच्या तोंडीं अर्ध्या तासांत होईल.

राहतां राहिलें 'पूर'. मला वाटतें तें मागाहून चिकटलें. कारण या देशांतील कित्येक जुन्या नांवांतलें 'पुर' आजवर टिकलेलें दिसत नाहीं. हजार वर्षांच्या उच्चारांत तें पुष्कळदां झिजून जातें. त्रिपुरीचें तेवर झालें, त्यांत 'प' कोठें उरला? याहून बोलकें उदाहरण राजस्थानांत आहे, आणि आमच्या विषयाला तर तें फारच जवळचें. मारवाडांतील जालोर या गांवाचें जुनें नांव चक्क जाबालिपुर असें होतें! म्हणजे खराखुरा लेखी पुरावा असलेलें जाबालिपुर नर्मदेपासून शेंकडों कोसांवर आहे, आणि त्याचें आजचें नांव जबलपूर नाहीं, जालोर आहे. तेथेंही 'पुर'चा 'ओर' झाला.

या जालोरच्या जाबालिपुराचें मराठी माणसानें विशेष अगत्य बाळगावें असें एक कारण आहे. उद्द्योतनसूरि नांवाच्या जैन पंडितानें आपला 'कुवलयमाला' हा प्राकृत ग्रंथ तेथें पुरा केला, शके ७०० संपण्यास एक दिवस उरला असतां, म्हणजे इसवी सन ७७९ मध्यें. त्यांत एका बाजारपेठेचें वर्णन आहे. निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापल्या भाषेंत बोलतात, आणि ग्रंथकार प्रत्येकाची ढब दोन शब्दांत टिपतो. त्यांत मरहट्टेही आहेत. अंगानें कणखर, वर्णानें सांवळे, सोशीक, पण अभिमानी आणि भांडखोर असें त्यांचें वर्णन करून तो त्यांच्या तोंडीं दिल्याघेतल्याचे जे दोन शब्द घालतो त्यांत आपला भूतकाळाचा 'ल' स्पष्ट ऐकूं येतो. बाराशें वर्षांपूर्वीं मारवाडांतल्या एका साधूनें आपल्याला बोलीवरून ओळखलें, आणि स्वभावावरूनही. आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेला जे हजर असतात त्यांना या साक्षीबद्दल शंका वाटूं नये.

म्हणजे मग माझी जावळी? तिची वासलात एका वाक्यांत लागते. सागरच्या मराठ्यांनीं गढा-मंडल्याचें राज्य घेऊन जबलपुरास ठाणें केलें तें १७८१ सालीं. पुढें हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१७ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं तो घेतला. बाराव्या शतकांत कोरलेलें नांव अठराव्या शतकांत येणाऱ्यांनीं कसें ठेवावें? हा प्रश्न मला त्या दिवशीं व्यासपीठावर सुचावयास हवा होता. दोन्ही सालें मला पाठ होतीं. पण नांव गोड लागलें कीं सालें आठवत नाहींत.

नांवांच्या या सारखेपणानें किती लांबवर चकवा द्यावा याचें एक उदाहरण या शहरांतच आहे. जबलपुरांत कटंगा नांवाची वस्ती आहे. अबुल फजलानें या राज्याचा उल्लेख 'गढा-कटंगा' असाच केला आहे. तेव्हां नांव निदान अकबराच्या काळाइतकें जुनें. आतां आफ्रिकेंतील काँगो देशाच्या दक्षिण भागांत तांब्याच्या खाणींचा एक प्रसिद्ध प्रांत होता, त्याचेंही नांव कटंगा. १९६० च्या जुलैत तो काँगोपासून फुटून निघाला. तेथें संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीनें आपलें सैन्य गेलें, आणि १९६१ च्या डिसेंबरच्या ५ तारखेस गुरखा पलटणीचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया तेथें कामास आले. त्यांना परमवीरचक्र मिळालें. जबलपूर हें लष्करी छावणीचें शहर; दोन कटंगांमध्यें कांहीं तरी धागा असलाच पाहिजे असें येथें कोणालाही वाटेल. तसा धागा कांहीं नाहीं. मध्यप्रांतांत कटंग म्हणजे काटेरी, जाड जातीचा बांबू. आपल्या चांद्याकडे त्याला कटांग म्हणतात. येथल्या नांवाचा उगम शोधावयाचा तर तो या रानांत शोधावा, आफ्रिकेंत नव्हे. गंमत एवढीच कीं, भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात त्याप्रमाणें कोट्यवधि वर्षांपूर्वीं हे दोन्ही भूभाग एकाच महाखंडांत होते, आणि त्या महाखंडाला त्यांनीं नांव दिलें आहे गोंडवन, तें या आमच्या गोंडांवरूनच! पण त्या काळीं नांवें ठेवणारें कोणी नव्हतें. येथल्या लम्हेट्याच्या थरांत सांपडलेल्या एका प्राचीन सरड्याला १९३३ सालीं 'जब्बलपुरिया' असें नांव मिळालें. इंग्रजांनीं आपल्या कानाप्रमाणें लिहिलेलें जबलपूर शहराच्या पाट्यांवरून गेलें, पण त्या सरड्याच्या नांवांत मात्र कायमचें राहिलें.

त्रिपुरीचेंही असेंच. १९३९ च्या मार्चांत त्रिपुरीस काँग्रेस भरली, सुभाषबाबू अध्यक्ष होते. माझ्या कचेरींतील एका तरुण सहकाऱ्याची आजवर अशी समजूत होती कीं ती काँग्रेस ईशान्येकडील त्रिपुरा राज्यांत झाली. त्याला मीं मनांत हंसलों, आणि लगेच जावळी आठवून थांबलों.

भाषाशास्त्री या बाबतींत एक साधा दंडक पाळतात, तो आपण सर्वांनीं पाळण्याजोगा आहे. सारखें ऐकूं येणें हा नात्याचा पुरावा नव्हे. फारसींतला 'बद' आणि इंग्रजींतला 'बॅड' यांचा उच्चार जवळजवळ एक, अर्थही एक. 'बदनाम' आणि 'बॅड नेम' तर जुळे भाऊ वाटावेत. तरीही त्यांचें एकमेकांशीं नातें नाहीं. ग्रीकांचा 'थिऑस' आणि आपला 'देव' यांचेंही नाहीं. लॅटिनचा 'देउस' मात्र आपल्या देवाचा सख्खा. उलट 'चक्र' आणि इंग्रजी 'व्हील' हे कानाला अगदीं परके, पण दोघांचा पूर्वज एकच. व्हॅटिकन म्हणजे वाटिका असें सांगणारीं मराठी पुस्तकें आपल्यापैकीं बहुतेकांनीं कधीं ना कधीं वाचलीं आहेत; मीही विद्यार्थिदशेंत तीं मोठ्या चवीनें वाचलीं. कदाचित् तेथेंच माझी जीभ सैल झाली असावी.

आणि तिसरा एक प्रकार आहे, तो आम्हां हिंदी मुलखांत राहणाऱ्यांना रोज भोगावा लागतो. शब्द एकच, मूळ एकच, पण अर्थ वेगळे वाटेनें गेलेले. बदली झाल्यावर पहिल्याच आठवड्यांत एका साहेबांनीं मला विचारलें, "आपकी शिक्षा कहाँ हुई?" आणि क्षणभर माझ्या पोटांत गोळा उठला. संस्कृतांत 'शिक्षा' म्हणजे शिकणें-शिकविणें. हिंदीनें तोच अर्थ ठेवला. मराठीनें मात्र छडीशीं गांठ घातली. यावरून आपल्या जुन्या पंतोजींविषयीं काय अनुमान काढावयाचें तें वाचकांनीं काढावें. 'चेष्टा' म्हणजे हिंदींत प्रयत्न. मीं एका टिपणावर 'चेष्टा करेंगे' हे शब्द वाचले तेव्हां वरिष्ठांनीं थट्टा आरंभली आहे असा माझा समज झाला होता. 'संसार' हिंदींत सारें जग, आपल्याकडे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बदली झालेल्या माणसाला दोन्ही अर्थ एकदमच पटतात.

हें सारें एका कारकुनाच्या रिकाम्या वेळचा उद्योग म्हणून सोडून दिलें असतें, पण आजकाल गांवांच्या नांवांवरून माणसें एकमेकांशीं भांडत आहेत. येथून नर्मदेच्या खालच्या अंगास होशंगाबाद होतें. माळव्याच्या होशंगशाहावरून पडलेलें तें नांव २०२२ सालीं बदलून नर्मदापुरम् करण्यांत आलें. महाराष्ट्रांत औरंगाबादेचें छत्रपति संभाजीनगर आणि अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. नांव बदलावें कीं बदलूं नये हा लोकांनीं व सरकारनें ठरविण्याचा प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या नोकरानें त्यांत पडूं नये. परंतु तेथें निदान नांव कोणाचें हें ठाऊक होतें. जबलपुराच्या बाबतींत दोन पक्ष अरबी पहाड आणि वैदिक ऋषि यांच्यासाठीं हमरीतुमरीवर येतात, आणि त्यांत मीं मराठ्यांची जावळी नेऊन तिसरी काडी टाकली. ज्या जाउलीच्या नांवानें हें शहर वसलें असावें ती या तिघांत कोणाच्याच खिजगणतींत नाहीं.

अखेर नानांच्या घरीं गेलों. नातवाला समोर बसविलें आणि जाउली-पत्तलेची हकीकत सांगितली. जावळीची गोष्ट माझी होती आणि ती खोटी होती, हेंही सांगितलें. मुलानें विशेष दुःख केलें नाहीं. शिक्षकांची 'जाबालि ऋषि' ही दुरुस्तीही पुरेशी नव्हती हें ऐकून तो उलट खूषच झाला. नाना मात्र गप्प बसले. त्यांना तसें बसलेलें पाहवेना, म्हणून मीं महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांची गोष्ट काढली. नागपुरास आयुष्य घालविलेल्या या मराठी पंडितानें कलचुरींचे सारे लेख एका प्रचंड ग्रंथांत संपादून १९५५ सालीं प्रसिद्ध केले. या लेखांवर जी सालें आहेत तीं शक नव्हे, विक्रम संवतही नव्हे; तो कलचुरि-चेदि संवत. भेडाघाटला राणी अल्हणदेवीचा लेख सांपडला, त्यावरील ९०७ हें साल म्हणजे इसवी सनाचें ११५५. हा संवत इसवी सनाच्या २४८-४९ च्या सुमारास सुरू झाला, आणि तो सुरू केला आभीर राजा ईश्वरसेन यानें, असें मिराशींचें मत आहे. या ईश्वरसेनाचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. म्हणजे नर्मदाकाठचे राजे आपलीं दानपत्रें लिहितांना जो काळ मोजीत होते त्याची मोजणी आपल्या गोदाकाठीं सुरू झाली.

नाना सरसावून बसले. "म्हणजे कालगणना आपली?"

"आभीर राजाची, नाना. तेव्हां मराठी भाषा जन्मलीही नव्हती."

"पण नाशिकचाच ना तो?"

"नाशिकचा."

"मग झालें तर," असें म्हणून त्यांनीं नातवाला वही आणावयास सांगितलें.